शेवटचा ग्लास ओतणाऱ्याचा

ग्लेंडा,

काल संध्याकाळी तुमच्या दारासमोरच्या क्रुसापाशी सव्वीस ग्लास भरले गेले. मी भरले. ओट्यावर उभी राहून, सगळ्यांच्या देखत. तू खूश व्हावीस म्हणून हे सांगत नाहीये. तू जळावीस म्हणून सांगतेय. एकदा तरी, थोडीशी.

मराठीत लिहितेय तेही तुझ्यामुळेच. आपलं भांडण तापलं की मी इंग्लिशमध्ये शिरायचे आणि तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "मराठीत भांड, बाय. नाहीतर हरलीस." मग मी हरायचे. आपण दोघी सख्ख्या बहिणींच्या मुली, दोन घरांमध्ये एक भिंत आणि एक पेरूचं झाड. पण तुझ्या पपांनी तुला देवळामागच्या मराठी शाळेत घातलं आणि माझ्या मम्मीने मला बसमध्ये बसवून कॉन्व्हेंटला पाठवलं. गावठाणात कोणाशी बोलायचं असलं की मी आधी मनात वाक्य जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत तू बोलून मोकळी झालेली असायचीस. गेल्या मे महिन्यातलं आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते आज पुरं करते. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, एवढा एक फायदा मला मिळू दे.

आधी एक कबूल करून टाकते. तुझ्या दफनाच्या दिवशी देवळात बसायला जागा नव्हती. लोक बाहेर, पायऱ्यांवर, कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे होते. मी मम्मीशेजारी पहिल्या बाकावर बसून सारखी मागे वळून बघत होते, आणि माझ्या मनात आलं, माझ्या वेळी इतके येणार नाहीत. समोर तुझी पेटी होती आणि मी माणसं मोजत होते. तिसऱ्या बाकावर एक मुलगी सगळ्यांत मोठ्याने रडत होती. तिला कोणीतरी पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी रडत नव्हते, म्हणून मला कोणी पाणी विचारलं नाही. नंतर कळलं, ती प्राची. चारकोपची. तुझ्या हॉटेलातल्या बारवर तुझ्या शेजारी उभी राहणारी. तू तिच्याबद्दल मला कधी सांगितलं होतंस का? सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

दोन वर्षं इटालियन क्रूझच्या बारमध्ये काम करून तू परत आलीस, तो दिवस मला नीट आठवतो. सगळ्यांना चॉकलेटं, मावशीला, म्हणजे तुझ्या मम्मीला, स्वेटर, तोही अंधेरीत मे महिन्यात, आणि स्वतःसाठी एक काळी बाटली. तू सरळ आमच्या स्वयंपाकघरात आलीस आणि फ्रीझर उघडून व्हॅनिलाचा डबा बाहेर काढलास, जणू घर तुझंच. कोल्ड्रिंकमध्ये आईस्क्रीमचा गोळा आपण लहानपणीही टाकायचो. तू म्हणालीस, "ते पोरांचं. हे मोठ्यांचं." उंच ग्लासात दोन गोळे. त्यावर ग्लासाच्या कडेकडेने बाटलीतलं ते काळपट, कडू-गोड मद्य. इटलीत जेवण झाल्यावर जिरवायला म्हणून घोट-घोट घेतात, असं तू सांगितलंस. आणि शेवटी हात खांद्याच्या वर नेऊन थंड सोड्याची धार. फेस ग्लासाच्या काठापर्यंत चढायचा आणि तिथे थांबायचा. तुझा ग्लास कधी उतू गेला नाही.

माझी मम्मी ख्रिसमसला अर्धा पेला घरची वाइन घेऊन डोकं दुखतं म्हणणारी. तिने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि हसली. "आयो, ग्लेंडा, माझ्या लग्नात कुठे होतीस गं तू?"

मी त्या हसण्याकडे बघत राहिले. ते माझ्या घरातलं हसणं होतं आणि मला ते इतक्या वर्षांत बाहेर काढता आलं नव्हतं. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा मम्मी 'छान' म्हणाली होती आणि भात लावायला गेली होती.

तुझं वाईट एवढंच नव्हतं की लोकांना तू आवडायचीस. मलाही आवडायचीस, हे जास्त वाईट होतं. चौदाव्या वर्षी मेडिकलच्या दुकानासमोर मी तीन फेऱ्या मारून परत निघाले होते, तेव्हा तू आत जाऊन, चार पुरुष उभे असताना, मला काय हवंय ते स्पष्ट मागितलंस आणि कागदात गुंडाळू नका म्हणालीस. शेजारचे नेल्सन अंकल मला 'मुकी' म्हणायचे. एकदा तू त्यांना म्हणालीस, "मुकी नाय ती. ती ऐकते. तुम्ही जरा सांभाळून बोलत जा." अंकल त्या दिवसापासून माझ्यासमोर खरंच सांभाळून बोलतात. मी तुझे आभार मानले नाहीत. मला वाटलं होतं, हे वाक्य मला का नाही सुचलं.

पुढच्या वर्षी तू ठरवलंस की लादीनीला हेच द्यायचं. मे महिन्यात आपल्या गावठाणात दर संध्याकाळी एका घराची लादीन: क्रुसाला हार, मेणबत्त्या, अर्धा तास प्रार्थना, आणि मग ज्या घराची पाळी त्याने सगळ्यांना उकडलेले चणे आणि पेलाभर काहीतरी द्यायचं. क्रूस तुमच्या दारात, म्हणून तुमचं आणि आमचं घर मिळून एक संध्याकाळ. पण तोपर्यंत तुझी बाटली संपली होती आणि तसली दुसरी कुठे मिळत नव्हती. आपण सगळे तुमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, तू, मी, मावशी, मम्मी आणि क्रुसाचे दिवे लावणारे नेल्सन अंकल. रिकामी बाटली हातात घेऊन मी वास घेतला. लवंग. दालचिनी. मागे कुठेतरी गवती चहासारखं काही. मी म्हणाले, "खिमाडासारखा वास येतो."

हळू म्हणाले. मी सगळंच हळू म्हणते.

तू गर्रकन वळलीस. "खिमाड! खिमाड थंड करून घालूया!"

लग्नाला नाहीतर बाप्तिस्म्याला करायचं आपलं ते मसाल्याचं पेय. गावठी दारू, साखर, लवंग, दालचिनी, वेलची, गवती चहा, सगळं उकळून गरमगरम वाटायचं. ते कोणी थंड करून आईस्क्रीमवर ओतेल हे बापजन्मी कोणाच्या मनात आलं नव्हतं. मावशीने आधी कपाळावर हात मारला, मग करून बघितला, मग दोन ग्लास प्यायली. नेल्सन अंकल म्हणाले, "काय डोका हाय पोरीचा." दर मे महिन्यात ते हेच म्हणायचे. दर मे महिन्यात मी आतून ऐकायचे.

कारण मी आत असायचे. माझं काम गोळ्यांचं. आदल्या दिवशी थाळ्यांमध्ये आईस्क्रीमचे गोळे काढून फ्रीझरमध्ये दगडासारखे करायचे, ग्लास गार करायचे, दोन-दोन गोळे घालून खिडकीतून तुझ्याकडे सरकवायचे. त्या खिडकीतून मला ओटा पूर्ण दिसायचा आणि ओट्यावरून मी कोणाला दिसायचे नाही. हे मला आवडायचं. आणि मुळीच आवडायचं नाही.

गेल्या वर्षी ग्लास पुसताना मी तुला म्हणाले, तो खिमाड माझा होता.

"काय?"

मी इंग्लिशमध्ये सांगायला लागले.

"मराठीत."

"खिमाड मी म्हटलं होतं. तुझ्या आधी."

तू दोन ग्लास पुसेपर्यंत विचार केलास. तुला आठवत होतं की नव्हतं, मला तोंडावरून कळलं नाही. मग म्हणालीस, "म्हटलं असशील. मग मोठ्याने का नाही म्हटलंस?"

बाहेरून मावशीने हाक मारली, प्रार्थना सुरू झाली, तू गेलीस. मला त्याचं उत्तर नंतर सुचलं, दोन्ही भाषांत सुचलं, पण तेव्हा नाही.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते. आपल्या घरात ओतणाऱ्याने शेवटी प्यायचं असतं. खिमाडाचा एकच पेला सगळ्यांमध्ये फिरायचा तेव्हापासूनची ही रीत, असं मावशी सांगते. तू सगळ्यांना भरून दिलंस आणि तुझा ग्लास तेवढा राहिला. थाळीत शेवटचे दोन गोळे होते. ते मी खाल्ले. फ्रीझरसमोर उभी राहून, चमच्याने, दात सणकेपर्यंत. आणि खिडकीतून तुला रिकामा ग्लास दिला.

तू ग्लासाकडे बघितलंस. त्यात उरलेला खिमाड ओतलास, वर सोडा. मग खिडकीत बघितलंस. माझ्या तोंडात अजून चमचा होता. तू ग्लास माझ्या दिशेने उचललास, थोडासाच, आणि प्यायलीस.

मला वाटलं, तू मला चिडवतेयस. बघ, तुझं आईस्क्रीम नसलं तरी माझं काही अडत नाही, असं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. मार्चमध्ये तुझ्या डोक्यातली एक नस फुटली आणि कामापुरतंही राहिलं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी यंदाच्या लादीनीचं ठरवायला सगळे तुमच्याकडे बसले होते. मम्मी म्हणाली, "या वर्षी नुसते चणे देऊ. कोण काय बोलणार नाही."

मावशी म्हणाली, "तिची लादीन तिच्यासारखीच होणार. ती गेली म्हणून लोकांना सुक्या तोंडाने घरी पाठवू?"

"अगं, पण ते करणार कोण?"

नेल्सन अंकलना उत्तर तयार होतं. "ती हॉटेलवाली पोरगी हाय ना, चारकोपची. ग्लेंडानं तिला शिकवलेला."

शिकवलेला. तीन वर्षं गोळे मी काढले, आणि तू तिला शिकवलंस. मला जे वाटलं त्याला दुःख म्हणणं खोटं होईल.

"मी करीन," मी म्हणाले.

ते लागत होतं त्यापेक्षा जोरात आलं. ओट्यावर झोपलेल्या कुत्र्याने मान वर केली.

मम्मी म्हणाली, "तू गोळे करच गं. पण बाहेर, लोकांसमोर..."

"बाहेर पण मी."

मावशी म्हणाली, "करू दे तिला."

त्यानंतर रोज मी मोरीत उभी राहून सोड्याची धार धरायला शिकले. हात खांद्याच्या वर. आणि वाक्यं पाठ केली. 'घ्या अंकल.' 'थांबा, फेस बसू दे.' 'मुलांचा वेगळा आहे.' तुला ही वाक्यं पाठ करावी लागली नसतील.

प्राचीला मी बोलावलं नव्हतं, मावशीने बोलावलं. ती स्वतःचा स्टीलचा स्कूप घेऊन आली. "मला काहीतरी काम दे यार," ती म्हणाली, "हात रिकामे ठेवून मला इथे बसवणार नाही." म्हणून ती खिडकीपाशी गेली, माझ्या जागी. तिथे ती उभी राहिली, तेही मला आवडलं नाही. बाहेरची जागा मी मागून घेतली होती आणि आतलीही मला कोणाला द्यायची नव्हती.

प्रार्थना नेहमीसारखीच झाली. विमान आलं की सगळे थांबायचे, गेलं की पुढचं म्हणायचे. "आम्हासाठी विनंती कर." तुझ्या नावाची मेणबत्ती सगळ्यांत जाड होती. शेवटचं गाणं सुरू झालं तशी मावशी उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. कोणी तिच्या मागे गेलं नाही.

मी ओट्यावर उभी राहिले. गोळे घातलेले ग्लास खिडकीतून येऊन ओळीने लागले. मावशीने खिमाडाचं पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं. फडक्यात धरून आणलं होतं. फडकं का, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तेवढी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला माझा हात सोडून काही दिसत नव्हतं. मी पळी भरली आणि नेल्सन अंकलच्या ग्लासात ओतली.

गोळे डोळ्यांदेखत खाली बसले. वाफ आली. ग्लासात मळकट दुधासारखं काहीतरी उरलं.

दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला खिमाड मावशीने गरम करून आणला होता. मुद्दाम नव्हे. तिने आयुष्यभर खिमाड असाच वाटलाय. प्रार्थना संपत आली की उठायचं, पातेलं चुलीवर ठेवायचं. तू असतीस तर तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं असतंस. यंदा तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, तिचं स्वतःचंही नव्हतं. वाफ बघून तिने पदर तोंडावर घेतला. "मी गरम केला," ती म्हणाली. "गो माय, मी गरम केला."

हीच ती वेळ होती, जेव्हा तू काहीतरी बोलली असतीस आणि लोक हसले असते. माझ्याकडे 'फेस बसू दे' एवढंच होतं, आणि इथे बसायला फेसच नव्हता. मम्मी खुर्चीतून उठायला लागली, मला सोडवायला. तिला उठताना बघून मला तुझी आठवण आली. तुझीही नाही, तू बोटीवरून पाठवलेल्या एका व्हॉइस मेसेजची. जेवणानंतर हे लोक आईस्क्रीमवर कडकडीत काळी कॉफी ओतून खातात, तू सांगत होतीस, त्यांच्या भाषेत त्याला बुडालेलं म्हणतात. "बुडालं की लगेच खायचं, बाय. वाट बघत बसायचं नाही."

मी सोड्याची बाटली खाली ठेवली.

"यंदा सोडा नाही," मी म्हणाले. आवाज फाटला. परत म्हणाले. "यंदा गरमच आहे. बुडालं की लगेच खायचं. वाट बघत बसायचं नाही."

आणि ओतत सुटले. पळी, ग्लास, पळी, ग्लास. उंच ग्लासात चमचे पोचत नव्हते. कोणी ग्लास तिरका करून प्यायलं, कोणी चण्यांच्या कागदाची गुंडाळी करून खरवडलं. मम्मीने घरातले सगळे लांब चमचे आणले, लोणच्याचा सुद्धा. मावशी उभ्यानेच खात होती. "लग्नातला वास येतो," ती म्हणाली, आणि मग रडली, आणि रडता रडता ग्लास संपवला.

नेल्सन अंकलच्या मिशीला आईस्क्रीम लागलं होतं. "जाताना हे पण शिकवून गेली काय ग्लेंडा?"

"नाही," मी म्हणाले.

"हां?" त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

"नाही, अंकल. हे माझं आहे."

"काय म्हणते?"

"हे माझं आहे." दोन ओटे पलीकडे ऐकू गेलं असेल.

"मग असा बोल ना," अंकल म्हणाले आणि ग्लास पुढे केला.

आता तुझ्याशी खरं बोलते. ते माझं नव्हतं. खिमाड मावशीचा, गरम करण्याची चूक तिची, बुडवायची गोष्ट तुझी. मी फक्त मोठ्याने म्हटलं. तीन वर्षांपूर्वी तूही तेवढंच केलं होतंस. तेवढ्याला काय लागतं ते मला काल कळलं. म्हणजे भांडणात तू जिंकलीस. पण खिमाड मी म्हटलं होतं, तुझ्या आधी, हे मी सोडणार नाही.

सव्विसावा ग्लास माझा. मी खिडकीकडे हात केला. प्राचीने ग्लास पुढे सरकवला. रिकामा होता.

मी वर बघितलं. ती फ्रीझरसमोर उभी होती, थाळी हातात, चमचा तोंडात. डोळे लाल. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी ओळखते, तीन मे महिने मी त्याच खिडकीतून तसंच बघितलंय. तुझ्याकडून शिकलेली ती. रोज तुझ्या शेजारी उभी राहायची ती. आणि काल ओटा मिळाला मला.

मी पातेल्यातला उरलेला खिमाड ग्लासात ओतला. प्यायच्या आधी माझा हात वर गेला, खिडकीच्या दिशेने, थोडासाच.

मी तिला चिडवत नव्हते, ग्लेंडा.

तूही नव्हतीस ना?